महाविद्यालयीन शिक्षण आणि जागतिक भान : ‘गुलामगिरी’च्या अर्पणपत्रिकेच्या निमित्ताने

प्रस्तावना

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना जगात काय चालले आहे याची जाण नसते, ही तक्रार प्राध्यापक-कक्षात जितक्या सहजपणे केली जाते तितक्याच सहजपणे विसरलीही जाते. तिच्यावर योजला जाणारा उपायही ठरलेला आहे. ग्रंथालयात एखादे इंग्रजी दैनिक वाढवले जाते, स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन केंद्रातर्फे ‘चालू घडामोडी’वर चाचणी घेतली जाते, २४ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्र दिनाचे व्याख्यान होते आणि त्याचा छायाचित्रांसह अहवाल ‘नॅक’च्या फाईलमध्ये लागतो. देशांच्या राजधान्या, शिखर परिषदांची स्थळे आणि पुरस्कारांचे मानकरी विद्यार्थ्याला सांगता आले, की त्याचे जागतिक भान जागे झाले असे समजले जाते.

या समजुतीत मोठी गफलत आहे. आजच्या विद्यार्थ्यापाशी माहितीचा तुटवडा नाही. युक्रेन, गाझा, अमेरिकेतील निवडणूक हे सारे त्याला भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एकाच मिनिटात, एकाच आकाराच्या चौकटीत दिसते आणि तितक्याच वेगाने वर सरकून नाहीसे होते. ‘याचा आमच्याशी काय संबंध?’ हा त्याचा प्रश्न बहुधा उद्धटपणाचा मानला जातो. वास्तविक शिक्षणाच्या दृष्टीने हाच सर्वांत मोलाचा प्रश्न होय. अभ्यासक्रमाने, पाठ्यपुस्तकाने आणि तासिकेने त्याला उत्तर दिले पाहिजे. पण ते मिळत नाही, कारण तो प्रश्न विचारण्याची जागाच शिक्षणव्यवहारात शिल्लक राहिलेली नाही.

प्रस्तुत लेखात या स्थितीचा विचार एका मराठी ग्रंथाच्या प्रारंभीच्या पानावरून करावयाचा आहे. तो ग्रंथ महाराष्ट्रातील बहुतेक कला महाविद्यालयांत कोणत्या ना कोणत्या विषयाच्या निमित्ताने नावाने तरी परिचित असतो. त्यामुळे उदाहरण शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही.

अर्पणपत्रिकेचे वाचन

महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेल्या या ग्रंथात अवतारकथांचा उलटा अर्थ लावून बळीराजाची बाजू मांडली आहे. वर्गात हा ग्रंथ शिकवला जातो तेव्हा भर साहजिकच या मांडणीवर असतो. संवादरूप, भाषेचा रांगडेपणा, पुराणकथांची चिकित्सा ही टिपणे फळ्यावर येतात. अर्पणपत्रिकेच्या वाट्याला एक ओळ येते : हा ग्रंथ अमेरिकेतील, गुलामांच्या दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला आहे. वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिकेत या ओळीचा एका गुणाचा प्रश्न होतो. ‘कोणाला?’ याचे उत्तर विद्यार्थी अचूक देतो. ‘का?’ हे कोणी विचारत नाही.

ते विचारले तर तासिका अपुरी पडेल इतका आशय त्या मोजक्या ओळींत आहे. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या, महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या आणि टॉमस पेनचा ‘राइट्स ऑफ मॅन’ तरुणपणीच वाचलेल्या एका गृहस्थाने आपल्या मराठी ग्रंथाच्या आरंभी समुद्रापलीकडच्या एका राष्ट्राची आठवण काढावी, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. अमेरिकेत दास्यमुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजी अमलात आला आणि संविधानाच्या तेराव्या दुरुस्तीने डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. म्हणजे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाला तेव्हा ही घटना अवघी आठ वर्षांची होती. आजच्या भाषेत ती ‘चालू घडामोड’च म्हणावी लागेल. फुल्यांनी ती पाठ केली नाही. त्यांनी तिचा मापदंड केला. ग्रंथाचे नावच त्या मापदंडातून आलेले आहे. येथील शूद्रातिशूद्रांच्या स्थितीला ‘गुलामगिरी’ म्हणणे हे निव्वळ आलंकारिक विधान नव्हे, तर तुलना सिद्ध करण्याची जबाबदारी स्वीकारणे होय, आणि पुढचा सर्व ग्रंथ ती जबाबदारी पार पाडण्यासाठी लिहिलेला आहे.

अर्पणपत्रिकेचा खरा वाचक कोण, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. नावाने ती अमेरिकन लोकांना उद्देशून आहे. पण पुण्यात छापलेला मराठी ग्रंथ अमेरिकेत कोण वाचणार? ज्या समाजाच्या हाती सत्ता होती त्याच समाजातील काहींनी स्वतःचा स्वार्थ बाजूला सारून दुसऱ्यांच्या बेड्या तोडल्या, असे उदाहरण येथे दिले आहे. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, ही अपेक्षा अर्पणपत्रिकेतच व्यक्त झाली आहे. दूरच्या माणसाला नमस्कार आणि जवळच्याला आवाहन, अशी ही दुहेरी रचना आहे. ग्रंथाला इंग्रजी प्रस्तावना जोडून फुल्यांनी तिसराही श्रोता, म्हणजे सरकार, समोर बसवला. जगाचे ज्ञान स्थानिक वादात कसे उतरवावे याचा याहून चांगला पाठ मराठीत क्वचितच सापडेल.

तरीही ही अर्पणपत्रिका केवळ गौरवाने वाचून चालणार नाही. अमेरिकेतील गुलामगिरी भल्या लोकांच्या निःस्वार्थ त्यागाने नष्ट झाली, हे चित्र अपुरे आहे. मळ्यांतून पळून जाणारे गुलाम, आणि उत्तरेच्या सैन्यात भरती होऊन लढलेले सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक यांचा त्या मुक्तीत मोठा वाटा होता. अर्पणपत्रिकेत ते दिसत नाहीत. मुक्त झालेल्यांच्या हक्कांचे पुढे काय झाले तेही १८७३ मध्ये दिसणे शक्य नव्हते. १८७७ मध्ये दक्षिणेतून संघराज्याचे सैन्य काढून घेतल्यावर मतदानाचा हक्क आणि समान वागणूक दोन्ही हळूहळू हिरावली गेली आणि वंशभेदाची नवी कायदेशीर चौकट उभी राहिली. विद्यार्थ्यासमोर हे मांडल्याने फुल्यांचे महत्त्व उणावत नाही. उलट, समकालीन घटनेवरून निष्कर्ष काढताना काय हाती लागते आणि काय निसटते, हे त्याला एका थोर लेखकाच्या उदाहरणावरून कळते. आदर आणि चिकित्सा एकाच तासिकेत नांदू शकतात, हे वर्गात दाखवण्याची संधी आपली महाविद्यालये वरचेवर दवडतात.

परंपरेचे पुढचे दुवे

ही अर्पणपत्रिका एकाकी राहिली असती तर तिला अपवाद म्हणून बाजूला ठेवता आले असते. तसे झाले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. कृष्णवर्णीयांची हार्लेम वसाहत त्या विद्यापीठाला लागूनच आहे. तीस वर्षांनी, १९४६ मध्ये, त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांपुढे अर्ज केला गेल्याचे त्यांच्या वाचनात आले होते, आणि अस्पृश्यांच्या बाजूनेही तसे पाऊल उचलण्याचा विचार असल्याने त्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. ड्यू बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर पाठवले.

१८७३ ची अर्पणपत्रिका आणि १९४६ चे पत्र शेजारी ठेवून वाचावे. फुले मुक्त करणाऱ्यांना उद्देशून लिहितात; आंबेडकर, ज्यांना मुक्त व्हायचे आहे त्यांच्या प्रतिनिधीशी बोलतात. पहिल्यात अनुकरणाचे आवाहन आहे, दुसऱ्यात कागदपत्रांची मागणी. त्र्याहत्तर वर्षांत मराठी समाजाच्या एका भागाची जगाकडे पाहण्याची दृष्टी किती पक्व झाली, हे या दोन मजकुरांतील अंतरावरून मोजता येते.

तिसरा दुवा तर थेट महाविद्यालयातच सापडतो. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर, येथे महाविद्यालय सुरू केले. ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. तेथील वसतिगृहात मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली, घरात पहिल्यांदाच शिकणारी मुले राहत होती. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन परतलेले म. ना. वानखेडे, ‘अस्मितादर्श’चे संपादक गंगाधर पानतावणे यांच्यासारखे प्राध्यापक त्या परिसरात वावरत होते. कृष्णवर्णीयांच्या साहित्याची चर्चा तेथून मराठीत आली. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्यावर मराठीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव १९६६ मध्ये ओकलंड येथे सुरू झालेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले. ते ज्यांनी घेतले ते तरुण कवी-लेखक होते, परराष्ट्र धोरणाचे अभ्यासक नव्हते.

ग्रामीण पार्श्वभूमी, इंग्रजीचा अभाव, पहिली पिढी ही कारणे आज विद्यार्थ्यांच्या अनभिज्ञतेसाठी पुढे केली जातात. वरील उदाहरण पाहता ती कारणे टिकत नाहीत. त्या मुलांपाशी आजच्यापेक्षा साधने फारच कमी होती. त्यांच्यापाशी प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाला जगात कोठे सोबत आहे हे सांगणारे शिक्षक होते.

कापसाचा धागा

अमेरिकन यादवी युद्ध ‘आधुनिक जगाचा इतिहास’ या विषयात शिकवले जाते. लिंकन, गुलामगिरी, उत्तर आणि दक्षिण यांचा आर्थिक संघर्ष, १८६१ ते १८६५ हा काल, युद्धाची कारणे व परिणाम अशी त्याची मांडणी असते. परिणामांच्या यादीत महाराष्ट्र नसतो.

वास्तविक त्या युद्धाने महाराष्ट्र हलवून सोडला होता. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस युद्धापूर्वी अमेरिकेच्या दक्षिण भागातून येत असे. उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि इंग्लंडच्या व्यापाऱ्यांची नजर मुंबईकडे वळली. कापसाचे भाव चढले. वऱ्हाड, खानदेशात कापसाखालील क्षेत्र वाढले. मुंबईत रोज नव्या कंपन्या निघू लागल्या आणि शेअरांच्या सट्ट्याने शहराला झपाटले. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आला आणि भाव कोसळले. त्या वर्षीच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात मुंबईतील पेढ्या एकामागून एक बुडाल्या. बँक ऑफ बॉम्बेही त्यातून सावरू शकली नाही.

सावकाराने तेजीच्या काळात सढळ हाताने दिलेली कर्जे मंदीत शेतकऱ्याच्या गळ्याशी आली. त्यातच सरकारने जमीनमहसुलात वाढ केली होती. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल करून कर्जरोखे आणि गहाणखते जाळली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलेला हा उठाव ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखला जातो. कापसाच्या तेजीमंदीचा त्याच्याशी नेमका किती संबंध होता याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत; पुणे-नगरचा तो कोरडवाहू पट्टा वऱ्हाडासारखा कापसाचा नव्हे, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. पण मतभेद आहेत म्हणूनच हा विषय पदवीच्या वर्गासाठी उत्तम ठरतो. दूरच्या घटनेचे स्थानिक परिणाम कोठपर्यंत ओढावेत आणि कोठे थांबावे, याचा विवेक विद्यार्थ्याला यातून शिकता येईल. फुल्यांनी शेतकऱ्याच्या दैन्यावर ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून काढला तो १८८३ मध्ये, या उठावानंतर आठ वर्षांनी.

या धाग्याचे एक टोक उच्च शिक्षणाच्या अंगणातही आहे. मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलातील ग्रंथालय आणि त्यावरचा राजाबाई मनोरा कापूस आणि शेअर बाजारातील बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला. मनोऱ्याला त्यांच्या आईचे नाव आहे. १८७८ मध्ये तो पूर्ण झाला तोवर कापसाची तेजी आणि देणगीदाराची पूर्वीची श्रीमंती दोन्ही ओसरली होती. महाराष्ट्रातील पहिल्या विद्यापीठाची ओळख बनलेली ही इमारत एका परक्या युद्धाशी अशी बांधली गेली आहे. पदवी प्रमाणपत्रावर बोधचिन्ह पाहणाऱ्या किती पदवीधरांना हे कधी वर्गात सांगितले गेले असेल?

विषयांच्या भिंती

एकच युद्ध मराठी विद्यार्थ्याला चार वेळा भेटते. इतिहासात ते लिंकनच्या नावाने येते, मराठीत ‘गुलामगिरी’च्या अर्पणपत्रिकेत, अर्थशास्त्रात शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाच्या पूर्वपीठिकेत आणि वाणिज्य शाखेत मुंबईच्या शेअर बाजाराच्या इतिहासात. चारही भेटींत ते आपली ओळख देत नाही. चार प्राध्यापक, चार तासिका, चार टिपणवह्या! अज्ञानाचे हे असे वाटप विद्यार्थ्याने केलेले नाही.

स्पर्धा परीक्षांनी या विभागणीवर शिक्कामोर्तब केले. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेत २०१२ पासून सामान्य अध्ययनाच्या प्रश्नपत्रिका वस्तुनिष्ठ झाल्या. चार पर्यायांतून एक निवडण्याची सवय महाविद्यालयाच्या वाचनकक्षांपर्यंत झिरपली आणि जग म्हणजे पर्यायांचा साठा, अशी धारणा दृढ झाली. आयोगाने वर्णनात्मक पद्धतीकडे वळण्याचे ठरवले तेव्हा २०२३ च्या प्रारंभी पुण्यात उमेदवारांनी आंदोलन केले आणि हा बदल २०२५ पर्यंत लांबणीवर गेला. वर्षानुवर्षे एका पद्धतीने तयारी केलेल्या उमेदवारांची अडचण खरी होती. परंतु सलग चार परिच्छेद लिहिण्याची धास्ती वाटावी, अशी पदवीधरांची पिढी घडवण्यात महाविद्यालयांचा काय वाटा आहे, या प्रश्नाची चर्चा त्या गदारोळात झाली नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आता पदवी स्तरावर आले आहे. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून लागू झाले. बहुविद्याशाखीयता हा त्यातील परवलीचा शब्द आहे. प्रत्यक्षात वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने कला शाखेचा दोन श्रेयांकांचा विषय घेतला की बहुविद्याशाखीयता साधली, असा त्याचा अर्थ केला जाण्याचा धोका आहे. दोन विषय शेजारी ठेवल्याने त्यांच्यात संवाद होत नाही. संवादासाठी एखादा समाईक मजकूर, एखादी समाईक घटना लागते.

यावर एक आक्षेप संभवतो. जगाची प्रत्येक घटना आपल्या गावाशी जोडूनच शिकवायची ठरवली तर विद्यार्थ्याला जग दिसणार नाही, आरशात स्वतःचेच तोंड दिसेल. म्यानमारमधील लष्करी राजवट किंवा काँगोतील संघर्ष यांचा वऱ्हाडातील कापसाशी संबंध नाही. म्हणून ते जाणून घ्यायचेच नाहीत काय? आक्षेप वजनदार आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. इतके म्हणता येईल की तुलनेची सवय एकदा लागली की ती स्वतःच्या सोयीपुरती थांबत नाही. फुल्यांची तुलना आंबेडकरांनी दुरुस्त केली, हे वर आलेच आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा पहिला प्रस्तावनाखंड ‘हिंदुस्थान आणि जग’ या नावाने काढला. वेदविद्येचा खंड त्यांनी दुसरा ठेवला. कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन आलेल्या या कोशकाराला मराठी वाचकाने कोठून आरंभ करावा याविषयी संदेह नव्हता. आज मराठी विश्वकोश महाजालावर विनामूल्य वाचता येतो. तरी परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थ्याच्या हाती असते ते गाईडच.

समकालीन उदाहरण

जुन्या युद्धाचा धागा तुटलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले. त्याच महिन्यात केंद्र सरकारने वस्त्रोद्योगाला दिलासा म्हणून परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत आणि नंतर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत स्थगित केले. नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर हा निर्णय झाल्याने कापूस उत्पादकांच्या संघटनांनी त्याला विरोध केला. यवतमाळ, अकोला, अमरावती या जिल्ह्यांतील महाविद्यालयांत त्या दिवाळीत वर्गात बसलेल्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरी कापूस वेचणीला आला होता. अमेरिकन अध्यक्षाचे नाव त्यांना सांगता येत होते. त्या नावाचा आणि घरातील कापसाच्या भावाचा संबंध सांगणारा तास वेळापत्रकात नव्हता. कांद्याच्या बाबतीतही तेच. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने निर्यातबंदी घातली, ती मे २०२४ मध्ये उठली. लासलगावच्या आसपासच्या महाविद्यालयांतील अर्थशास्त्राच्या वर्गात ‘आंतरराष्ट्रीय व्यापार’ हे प्रकरण त्या सत्रात नेहमीप्रमाणे तुलनात्मक लाभाच्या सिद्धांताने सुरू होऊन त्याच्या मर्यादांवर संपले असावे.

असा एक तास घेण्यासाठी नव्या अभ्यासक्रमाची आवश्यकता नाही. ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका एका पानाची आहे. १८७५ च्या उठावाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल उपलब्ध आहे. बाजार समितीच्या फलकावर कापसाचे भाव रोज लिहिलेले असतात आणि ते विद्यार्थ्याला प्राध्यापकापेक्षा अधिक कळतात. मराठी, इतिहास आणि अर्थशास्त्र या तीन विभागांनी ही तीन साधने घेऊन द्वितीय वर्षाच्या वर्गासमोर सत्रातून तीन-चार वेळा एकत्र उभे राहावे, इतकीच ही सूचना आहे. अडचण येते ती अन्यत्र. तीन प्राध्यापकांनी मिळून घेतलेली एक तासिका कोणाच्या कार्यभारात धरायची, तिची हजेरी कोणत्या पटावर लावायची आणि तिचे अंतर्गत मूल्यमापन कोणी करायचे, याची तरतूद विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांनी आणि महाविद्यालयाच्या वेळापत्रक समितीने प्रथम करावयाची आहे.